उभी चूल

समीक्षा भाड्याने राहायला आली तेव्हा तिच्या सामानात दोन पिशव्या कपडे होते आणि बाकी सगळे दगड होते. माधवनगरच्या त्या गल्लीने भाडेकरू पुष्कळ पाहिले होते. गिरण्या चालू होत्या तेव्हाचे कामगार पाहिले, नर्सिंगच्या पोरी पाहिल्या, कबुतरांची खुराडी घेऊन आलेला एक फौजदारही पाहिला. दगड घेऊन आलेली मात्र ही पहिलीच. मंगलने तिला वरची खोली दिली खरी, पण पहिल्याच आठवड्यात जिन्यावर ठेवलेल्या एका दगडाची तिला ठेच लागली आणि तिने वर तोंड करून विचारलं, "पोरी, आमच्या सांगलीत दगडं कमी पडली व्हती व्हय गं?"

समीक्षा साताऱ्याकडची. घरी ऊस, भाऊ फौजेत, आणि ही शिकून शिकून दगडांच्या नादी लागली, असं तिची आईच फोनवर म्हणायची. सांगलीतल्या एका कॉलेजात ती संशोधन करत होती. कॉलेजच्या मागच्या अंगाला एका बंद खोलीत तिची यंत्रं होती आणि एक भट्टी होती. तिथे ती दगड तापवायची, निववायची, पुन्हा तापवायची. जेवायचं मात्र विसरायची. ती विसरली की मंगल तिच्या दारात ताट ठेवून यायची आणि अर्ध्या जिन्यावरून ओरडून सांगायची.

मंगलने पन्नाशी ओलांडली होती. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला नोकरीत होता. ती मार्केट यार्डातल्या एका वखारीत हळद निवडायला जायची. त्यामुळे तिचे तळहात कायमचे पिवळे झाले होते. कितीही घासले तरी रेषांमधला रंग जात नसे. गल्लीतल्या बायका तिला चेष्टेने म्हणायच्या, तुझं लगीन काय अजून संपलं न्हाई बग.

एका रविवारी दुपारी दोघी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. बाहेर ऊन पेंगत होतं. मंगलने चहाचं आधण ठेवलं आणि सहज विचारलं, "ह्या दगडात तुला दिसतं तरी काय?"

"दिसत काहीच नाही मावशी, इतकं बारीक असतं ते. लोखंडाच्या गंजासारखे कण असतात. दगड खूप तापला की त्या कणांना काही सुचत नाही, सगळे आपली दिशा विसरतात. मग दगड निवायला लागला की ते उत्तरेकडे तोंड करतात आणि थंड झाले की तसेच बसतात. पुढे तुम्ही दगड उचला, आडवा करा, पालथा घाला. आतले कण दगडाबरोबर फिरतील, पण आपली जागा सोडणार नाहीत. शेवटचा तापला तेव्हा कसा ठेवला होता, ते दगड सांगतो."

"किती दिस ऱ्हातं हे?"

"आपला सह्याद्री सगळा वितळलेला दगड होता. तो निवला तेव्हाचं अजून आहे त्याच्यात. आणि गंमत म्हणजे त्या काळी पृथ्वीचं चुंबकच उलटं होतं. त्यामुळे डोंगरातले पुष्कळ कण दक्षिणेला तोंड करून बसलेत."

मंगल हसली. "म्हंजी डोंगरबी उफराटं हायती. आमच्यातल्या मान्सांवानी."

मग तिला एक शंका आली. हळद निवडणाऱ्या बाईला आकाराची शंका येणारच. "समदंच कण ध्यानात ठिवत्यात?"

"नाही ना. अगदी वस्त्रगाळ असतात ते काहीच धरून ठेवत नाहीत, तिथल्या तिथे विसरतात. मोठे असतात त्यांचं आतल्या आत पटत नाही, अर्धे इकडे ओढतात, अर्धे तिकडे. मधल्या मापाचे असतात ते पक्के. ते धरून बसतात."

मंगलला हे लगेच पटलं. घरातसुद्धा असंच चालतं. लहान पोरं विसरून खेळायला जातात, मोठी माणसं आपसात भांडत बसतात आणि मधलं कुणीतरी सगळं उरात धरून जन्म काढतं. आई गेली तेव्हा ती स्वतः सात वर्षांची होती. वस्त्रगाळात मोडायची की मधल्यात, हे तिला आजवर ठरवता आलं नव्हतं.

"मला सध्या जुन्या चुली हव्यात," समीक्षा सांगत होती. "उघड्यावरच्या. शेवटचा जाळ कधी झाला ते माहीत असलेली आणि त्यानंतर कुणी हात न लावलेली चूल. अशी कुठे मिळत नाही हो. लोक दगड उचलून नेतात."

मंगलचा साखरेच्या डब्यावरचा हात थांबला. "आनि चुलीचं धोंडं कुनी पालथं घातलं असलं, तर कळंल?"

"कळेल की. तिन्ही दगडांतले कण तीन वेगळ्या दिशांना तोंड करून बसलेले निघतील."

चहा उतू गेला. गॅस विझला आणि त्याचा वास सुटला तरी मंगल तशीच उभी होती, म्हणून समीक्षाने उठून बटण बंद केलं.

मंगलचं माहेर माणदेशातलं, धनगराचं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन तिच्या माहेरची माणसं पश्चिमेकडे निघायची, कराडवरून, पाटणवरून, पार कोयनेच्या डोंगरापर्यंत. पुढे घोड्यांवर बिऱ्हाड, मागे मेंढरं. जिथे तळ पडेल तिथे प्रत्येक घरची बाई तीन दगड मांडून चूल करायची. तळ हलला की ते दगड तसेच मागे राहायचे, पण कसे राहायचे ह्याला त्यांच्या घराण्यात अर्थ होता. एखादं माणूस कामाला गेलं, मागे राहिलं, तर त्याच्या घरची चूल उभी ठेवायची. म्हणजे, मी इथेच परत येते, मला न्यायला या. आणि कुणा बाईला घरच सोडून जायचं असेल तर तिने तिन्ही धोंडे जागच्या जागी पालथे घालायचे. मग तिच्या मागे कुणी जायचं नाही, तिला शोधायचं नाही आणि त्या जागेवर पुन्हा तळ टाकायचा नाही. पुरुषांना बोलायला तोंड होतं, बायकांना धोंडे होते.

मंगलची आई धोंडुबाई कोयनानगरच्या वरच्या पठारावरून गेली. आदल्या रात्रीपासून नवराबायकोचं भांडण चाललं होतं, मंगलला शाळेत घालण्यावरून. खाली धरणाच्या वसाहतीत शाळा होती आणि पोरीला तिथे कुणाकडे तरी ठेवायची असं धोंडुबाईच्या डोक्यात होतं. सकाळी तळ हलला. धोंडुबाई म्हणाली, तुम्ही पुढं चला, मी खाली जाऊन विचारून येते, सांजच्याला मला इथनंच न्या. मंगलचा बाप अर्जुना आनायला येतो म्हणाला, पण तोंड फिरवून. संध्याकाळी तो गेला आणि एकटाच परत आला. नव्या तळावर सगळे वाट बघत होते. तो म्हणाला, "चूल पालथी घालून गेली."

झालं. पुढे कुणी म्हणालं चिपळूणच्या बाजारात दिसली, कुणी म्हणालं कोयनेत गेली. शोधायला कुणीच गेलं नाही, कारण चूल पालथी होती. मंगलला थोरल्या आत्याने वाढवलं. ती वाढली ती 'पालथ्या चुलीवालीची' म्हणूनच. लग्नात पाहुण्यांना बाजूला घेऊन सांगितलं गेलं, सासरी ते टोमण्यात निघालं आणि मुलाच्या बारशातसुद्धा एका म्हातारीने ते उकरून काढलंच.

आई जातानाचं मंगलला थोडंच आठवायचं. ती घोडीवर आत्याच्या पुढ्यात बसली होती. आईने पिठाचा हात तिच्या गालाला लावला आणि काहीतरी बोलली. ओठ हललेले दिसायचे, घोडीच्या गळ्यातली घंटा ऐकू यायची, पण शब्द काही ऐकू यायचे नाहीत. बहुतेक 'येते' म्हणाली असेल. पण त्याने काय कळणार? आपल्यात कायमची निघालेली बाईसुद्धा उंबऱ्यावर 'येते'च म्हणते. मंगलला एवढंच कळून घ्यायचं होतं की ते येते खरं होतं की नुसतं रीतीचं. बाकी तिचं जगाशी काही मागणं उरलं नव्हतं.

तिने हे सगळं समीक्षाला सांगितलं, उतू गेलेला चहा पुसता पुसता. समीक्षाने फडकं तिच्या हातातून घेऊन पिळून ठेवलं. मग तिने विचारलं, "मावशी, जागा सापडेल तुम्हाला?"

"सापडंल की. दरसाली खालनं जायचो आमी. जिथं समद्यांच्या माना दुसरीकडं फिरायच्या, तितंच ती."

मार्गशीर्षातल्या एका सकाळी दोघी कॉलेजच्या जीपमधून निघाल्या. पाटण सोडलं आणि धुकं लागलं. घाटाची वळणं एकामागून एक येत होती आणि प्रत्येक वळणावर मंगलला वाटत होतं की आपण पुढे जात नसून मागे चाललोय, दर वळणाला थोड्या थोड्या लहान होतोय. कोयनानगरच्या वसाहतीतल्या बैठ्या घरांवरून धुकं सावकाश सरकत होतं. एका घरापुढे एक बाई दोरीवर कपडे घालत होती. मंगलने तिच्याकडे मान वळवून वळवून पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाली, काय येडी हाईस तू, ती आता ऐंशीच्या घरात असंल.

ओढ्याजवळ जीप थांबवून दोघी पायवाटेने चढल्या. चढ उभा होता. मंगल मध्येच थांबली, डोळे मिटले, आणि मान आपोआप उजवीकडे फिरू लागली तेव्हा ती मुद्दाम डावीकडे वळली. कारवीच्या वाळक्या रानातून बाहेर पडल्यावर एक सपाट जागा लागली आणि तिच्या कडेला गवतात तीन दगड होते.

दगड निम्मे मातीत रुतले होते, गवताच्या मुळांनी त्यांना घट्ट आवळलं होतं. त्यांच्याकडे बघून काहीच कळत नव्हतं. दगड मुळात काळा, त्यावरचा धूरही काळा, आणि इतक्या पावसांनी दोन्ही एकच करून टाकलं होतं. उभी की पालथी? मंगलने वाकून पाहिलं, बसून पाहिलं, एका दगडावर हात ठेवला. दगड गार होता.

"हात लावलात तर चालेल, पण हलवू नका," समीक्षा म्हणाली. "मी खाली जाऊन ड्रिल आणि पाण्याचा कॅन घेऊन येते."

ती गेली आणि मंगल आईच्या चुलीपुढे एकटी राहिली. धुक्यात आवाज नव्हता. कुठेतरी एक पाखरू एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होतं. मंगलला झोप आल्यासारखं झालं. तिला वाटलं, आत्ता मागून हाक येईल, जळण आण गं. आणि ती उठली. तिने कारवीच्या काटक्या मोडल्या, मूठभर गवत उपटलं. पिशवीत काडेपेटी होती, पातेलं होतं, चहापूड होती, गूळ होता, बाटलीत पाणी होतं. धनगराच्या पोरीला चुलीपुढे नुसतं बसता येत नाही. थंड चुलीपुढे बसायचं ते सुतकात, एरवी आधी जाळ, मग बोलणं. हाताला कुणी काही सांगितलं नव्हतं. गवत ओलं होतं, त्याने आधी नुसता धूर काढला, दाट, पांढरा, तो सरळ वर गेला आणि झाडांच्याही वर गेला. मग जाळ धरला. तिन्ही दगडांच्या मधोमध जाळ बसला तेव्हा मंगलला इतकं बरं वाटलं की ती हसली.

समीक्षा धापा टाकत वर आली ती ओरडतच. "मावशी! धूर खालून दिसला मला! काय केलंत हे?"

मंगलने वर पाहिलं. मग जाळाकडे पाहिलं. आणि तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"तापलं की समदं इसरत्यात," ती हळूच म्हणाली. "तूच म्हनली व्हतीस."

समीक्षाने ड्रिल खाली ठेवलं आणि ती गवतात बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. रागावून तरी कुणावर रागावणार? मंगल दगडासारखी झाली होती. आपण हे मुद्दाम केलं का, असं तिच्या मनात आलं. खरं काय ते कळण्याची भीती वाटली म्हणून हातानेच तर पुसून टाकलं नसेल? तिला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. जगात तीनच साक्षीदार होते आणि तिने तिघांचीही तोंडं बंद केली होती.

"किती वेळ जाळ केला?" समीक्षाने विचारलं.

"चहापुरता."

"आणि तुमची आई काय करायची ह्यावर?"

"भाकरी. समद्या तळाच्या. लाकडं घालून घालून तवा लाल व्हायचा."

समीक्षाने नाक पुसलं. "दगड जितका तापतो ना मावशी, तितकंच विसरतो. त्याच्या खालचं राहतं. काटक्यांच्या चहाने भाकरीचा जाळ पुसला जाऊ नये. जाऊ नये एवढंच म्हणते मी. वरच्या थरात तुमचा चहा असेल आणि खाली कदाचित आई असेल."

मग त्यांनी तो चहा प्यायला, कारण चुलीवरचा चहा ओतून देणं दोघींनाही जमलं नसतं. दगड पुरते निवेपर्यंत त्या बसून राहिल्या. धुकं विरलं, ऊन आलं. समीक्षाने प्रत्येक दगडावर बाण काढले. होकायंत्र इथे कामाचं नाही म्हणाली, डोंगराचा दगडच त्याला फसवतो. म्हणून तिने काडी उभी करून सूर्याच्या सावलीवरून उत्तर काढली. मग पाणी ओतत ओतत तिने प्रत्येक दगडातून बोटाएवढे तुकडे काढून घेतले. चूल होती तिथेच राहिली. निघताना मंगलने मागे वळून पाहिलं, आणि आज मान दुसरीकडे फिरवणारं बरोबर कुणी नव्हतं.

त्यानंतरचे दिवस सांगलीत झोपेत चालल्यासारखे गेले. समीक्षा सकाळी जायची, रात्री यायची. तुकडे थोडे तापवायचे, मोजायचे, पुन्हा थोडे जास्त तापवायचे. घाई केली तर सगळंच जातं म्हणायची. मंगल वखारीत हळकुंडं निवडत बसायची. पिवळी धूळ उन्हाच्या तिरपीत तरंगायची आणि तिच्याकडे बघता बघता डोळा लागायचा. मग ती पुन्हा घोडीवर असायची. आईचा पिठाचा हात गालावर असायचा, घंटा वाजायची. धुळीचे सगळे कण एकदम थांबायचे आणि एकाच दिशेला बघू लागायचे. कुठे बघतायत हे कळायच्या आत शेजारची बाई कोपराने ढोसायची.

एका संध्याकाळी समीक्षा वर न जाता सरळ स्वयंपाकघरात आली. चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मंगल भाकरी थापत होती.

"आधी तुमचा चहा निघाला," समीक्षा म्हणाली. "उत्तरेकडे, आणि जरासा खाली. आपल्या भागात सुई अशीच झुकते. वाकून बघितल्यासारखी. तो जाईपर्यंत तापवलं. मग त्याच्या खालचा जाळ लागला. तिन्ही दगडांत लागला."

मंगलचे हात परातीत तसेच राहिले.

"तोही उत्तरेकडेच आहे, मावशी. जरासा खाली. तिन्ही दगडांत एकच दिशा. त्याच्याही खाली दगडांचं स्वतःचं जुनं आहे, ते तिघांचं तीन तऱ्हांचं, ते चूल मांडायच्या आधीचं. पण भाकरीचा जाळ एकच आहे. चूल पालथी घातली नव्हती. त्या जाळानंतर ते दगड जागचे हललेच नाहीत."

मंगलने भाकरी तव्यावर टाकली. उलटली. तिला खूप आनंद झाला होता, इतका की तो कुठे ठेवावा ते कळेना. नुसतं रीतीचं नव्हे, खरंच येते म्हणून गेली. माझी आई मला टाकून गेली नव्हती. हे वाक्य तिने मनात तीनदा म्हणून पाहिलं. आणि तिसऱ्यांदा म्हणताना त्या आनंदाच्या बुडाशी राग लागला. मग चूल पालथी होती असं सांगितलं कुणी? आणि कशासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माणदेशाची एसटी धरली. सबंध वाटेत ती बापाशी भांडत होती. काय काय बोलायचं ते तिने घासूनपुसून तयार ठेवलं. तुमी माझी आई मारलीसा, हे शेवटचं. ते तिने आटपाडीपर्यंत घट्ट धरून ठेवलं.

अर्जुना घरापुढच्या बाभळीखाली घोंगड्यावर बसला होता आणि लोकरीचं सूत काढत होता. डोळे जवळजवळ गेले होते, बोटं मात्र अजून बघत होती. जवळच दोन कोकरं एकमेकांना ढुशा देत होती. पाऊल वाजल्याबरोबर त्याने विचारलं, "मंगल का? हळदीचा वास आला."

"आबा, आईनं चूल पालथी घातली न्हवती," मंगल उभ्याउभ्याच म्हणाली.

सूत थांबलं. "कुनी सांगितलं?"

"धोंड्यांनी."

तिने सगळं सांगितलं. पठारावर गेल्याचं, जाळ केल्याचं, तुकडे काढल्याचं, भट्टीचं. बारीक कणांचं त्याला किती कळलं कोण जाणे, पण त्याने मध्ये एकदाही काही विचारलं नाही. तिचं बोलणं संपल्यावर तो म्हणाला, "मी वर गेलोच न्हाई."

"काय?"

"वढ्यापातूर गेलो. दिस बुडत आला व्हता. खालनं वर बघितलं, धूर न्हवता. ती आली असती तर चूल पेटवली असती. धूर न्हाई म्हंजी ती न्हाई. सकाळी लय बोललो व्हतो तिला. म्हटलं, गेली. माघारी फिरलो. तळावर समदी इचाराय लागली तवा त्वांडातनं गेलं, चूल पालथी हाय म्हनून."

"येवढा येक चढ चढला न्हाई तुमी?" मंगलचा आवाज फाटला. "आबा, येवढा येक चढ!"

तो मान खाली घालून बसला होता. मंगल एसटीत घासूनपुसून ठेवलेलं वाक्य काढणार, तेवढ्यात तो स्वतःशीच बोलल्यासारखा सावकाश म्हणाला, "चूल उभी व्हती म्हंजी ती यायची व्हती."

"व्हय."

"मग ती आली आसंल, मंगल. उशिरा. अंधार पडल्यावर. चुलीपशी बसून ऱ्हायली आसंल." त्याची बोटं सुतावर नुसतीच फिरत होती. "आनि मी आलोच न्हाई."

मंगल तिथेच मातीत बसली. आजवर ती समजत होती की टाकून दिलेली आपण. त्या पठारावर अंधारात बसलेली, खालच्या वाटेकडे कान लावलेली आई तिला पहिल्यांदाच दिसली. नवऱ्याने आपल्याला सोडलं असंच ती समजली असेल. मग उठून कुठे गेली, कुणाच्या दारात गेली, हे कुठल्या दगडाला ठाऊक असणार? समोरचा म्हातारा इतकी वर्षं स्वतःला टाकून दिलेला नवरा समजत आला होता आणि आता एका दुपारी ते सगळं त्याच्या अंगावर उलटलं होतं. तिच्या तोंडातलं वाक्य विरून गेलं. ते बोलायची गरजच उरली नव्हती, त्याने ते स्वतःच स्वतःला सांगितलं होतं.

कोकरं ढुशा देऊन दमली आणि घोंगड्याच्या टोकावर येऊन बसली. मग अर्जुनाने विचारलं, "तू जाळ केलास म्हनलीस."

"केला."

"धूर झाला?"

"लय झाला. गवात वलं व्हतं. सरळ वर गेला, झाडाच्याबी वर."

"खालनं दिसला?"

"दिसला. समीक्षा वढ्यापशी जीपकडं गेली व्हती. तिला तितनं दिसला."

"वढ्यापस्नं दिसला," अर्जुना म्हणाला. त्याने तोंड पश्चिमेकडे वळवलं आणि न दिसणाऱ्या डोळ्यांनी वर पाहिलं, डोंगराकडे पाहावं तितकं वर. मग त्याने हात पुढे करून मंगलचा हात चाचपला. तिचा पिवळा तळहात त्याच्या लोकरीच्या हातात मावत नव्हता.

"चूल अजून उभी हाय न्हवं?"

"हाय. जाग्यालाच हाय."

"मग मला घिऊन चल. चढ हळूहळू चढीन मी." तो गुडघ्यावर हात रोवून उठायला लागला. "तिला आनाय येतो म्हनलो व्हतो."

मंगलने त्याला धरून उभं केलं, बाभळीला टेकवलेली काठी शोधली आणि त्याच्या हातात दिली.